मागच्या दाराचा नंबर

ये, जरा जवळ सरक. कागदावर लिहून राह्यले म्हणून काय झालं, समोर कुणी बसलेलं असल्याशिवाय माझ्याच्यानं एक ओळ पुढं जात न्हाई. म्हणून आज तुला मनातल्या मनात बसवलंय समोर. आता मान खाली घालू नको. पुण्याहून गाडी करून निघालीस, आमच्या गावात शिरलीस, आणि मावशीचं घर सापडलं न्हाई म्हणून तशीच आष्टीला सासरी निघून गेलीस? भाची म्हणवतीस ना? मी तुझ्यासाठी धपाटे थापून ठेवले होते. थंड झाले, मंग आम्हीच खाल्ले.

संध्याकाळी फोनवर म्हणालीस, "मावशी, फोननं जिथं नेलं तिथं नुसती भिंत होती, नाली होती, आणि एक शेळी बांधलेली होती."

"मंग विचारायचं कुणाला तरी!"

"कुणाला विचारू? शेळीला?"

हसलीस आणि फोन ठेवलास. मी मात्र दोन दिवस फुगून होते. विचारायला तोंड दिलंय, ते फोनपुढं उघडायचं न्हाई असं शिकवतात का पुण्यात? पण आता तो राग गेला. त्याच भिंतीपाशी, त्याच शेळीसमोर, तुझ्यानंतर महिनाभरात दुसरी एक गाडी येऊन उभी राह्यली. आणि त्या गाडीची वाट आम्ही पुढच्या दारात उभ्या राहून पाहून राह्यलो होतो. ती गोष्ट सांगते. मधी बोलू नको.

तुला आमचं घर आठवतं का? जालन्याहून मंठ्याला जाताना डाव्या हाताला गाव लागतं, त्यात बाजारपेठेच्या मागं आमची गल्ली. घरं अरुंद आणि लांब. पुढचं दार मोठ्या गल्लीत उघडतं, तिथं टेंपोसुद्धा येतो. मंग बैठक, मंग मधलं घर, मंग सैपाकघर, मंग न्हाणी, आणि तिथून मागचं दार. ते उघडतं मागच्या गल्लीत. तिला गल्ली म्हणायचं आपलं, नालीसाठी सोडलेली जागा ती. समोरून कुणी डोक्यावर पाटी घेऊन आलं तर आपण भिंतीला पाठ लावायची.

घरात आम्ही चौघं. मुलगा जालन्याला कारखान्यात पाळीवर जातो, तो सकाळी गेला की दिवे लागल्यावर येतो. सूनबाई घरी बसून कॉम्प्युटरवर काम करते. मी. आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते. दीर गेल्यापासून त्या आमच्याकडंच आहेत. त्यांना दमा. साधा न्हाई, असा की छातीतून बारीक शीळ वाजायला लागते आणि मंग ओठांचा रंग बदलतो. वाफ घ्यायची मशीन आहे घरात, पण तिला लाईट लागते. माझा एक कान कायम त्या शिळेकडं. भाजी चिरताना, टीव्ही पाहताना, तुझ्याशी फोनवर बोलताना पण. तू म्हणतीस ना, मावशी तुझं लक्ष कुठंय? तिथं असतं.

आता पाट्यांचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

काही वर्षांखाली घरपट्टीच्या हापिसातून एक माणूस आला. खांद्याला पिशवी, पिशवीत पत्र्याच्या छोट्या पाट्या, प्रत्येक पाटीवर घराचा नंबर. हातात हातोडा. वेळ दुपारची. पुरुष माणसं शेतात न्हाईतर दुकानात. त्यानं पहिल्याच घराच्या चौकटीवर खिळा टेकवला आणि आतून त्या घरची म्हातारी ओरडत आली, "अरे थांब! काय करून राह्यला?"

पुढच्या चौकटीला आमच्या गल्लीत कुणी खिळा मारू देत न्हाई. त्या चौकटीला हळदीकुंकवाची बोटं असतात. नवी सून आत येते तेव्हा तिचा हात तिथं लागतो. दसऱ्याला, पाडव्याला तोरण लागतं ते पण वरच्या लाकडी खुंट्यांना, सुतारानं चौकट घडवतानाच ठेवलेल्या. लोखंड टोचायचं न्हाई. टोचलं तं घरातल्या माणसाला टोचतं, असं मानतात. तू हसशील. पण तुझ्या आईनंही कधी टोचू दिलं नसतं, विचार तिला.

"मंग भिंतीत ठोकतो," तो म्हणाला. भिंती दगडमातीच्या. खिळा ठोकला की ढेकूळ खाली आणि खिळा हातात.

"मागच्या दाराला ठोक बाबा," म्हातारी म्हणाली. "तिथं आम्ही भांडी घासतो, तिथं काय बी ठोक."

त्याला काय, पाटी लागल्याशी मतलब. तो वळसा घालून मागं गेला. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. आमच्याकडं आला तेव्हा तर विचारलंच न्हाई त्यानं, सरळ मागून टकटक ऐकू आली. अख्ख्या गल्लीनं नंबर मागच्या दाराला लावून घेतले. एक घर सोडून. गल्लीच्या टोकाला गुरुजीबाईंचं घर आहे. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो, पुस्तकांचं कपाट. त्यांच्याकडं चौकटीचं असं काही न्हाई. त्या म्हणाल्या, "इथं ठोका, समोर. पोस्टमनला दिसली पाहिजे."

नंतर कधीतरी दुसरी माणसं आली, हातात शाळेच्या पाटीएवढा फोन घेऊन. नंबराची पाटी शोधायची, पाटीसमोर उभी राहायची आणि बटन दाबायची. दाबलं की त्या जागेची खूण सरकारी यादीत जायची. पाट्या मागं, म्हणून तीही मागंच उभी राह्यली. त्यांचं काही चुकलं न्हाई.

आता सूनबाई. तुला वाटतं ती दिवसभर कॉम्प्युटरवर सिनेमे पाहते. न्हाई गं. ती आणि तिच्यासारखे लांबलांबचे लोक मिळून एक नकाशा करून राह्यले आहेत. फुकट नकाशा, सगळ्यांचा. ज्याला आपल्या भागातलं जे ठाऊक, ते त्यानं भरायचं. तिनं मला एकदा शेजारी बसवून दाखवलं होतं.

"आत्या, हा बाकीच्यांचा नकाशा बघा. आपलं गाव म्हणजे एक रस्ता, एक बँक आणि एक पेट्रोल पंप."

"आणि माणसं कुठं राहतात?"

"तेच ना. आणि हा आपला. ही शाळा, हा हापसा, ही गिरणी. हे सगळं मी घातलं."

मला फार आवडलं ते. गावातला हापसा कुणीतरी नकाशावर घालतं, आणि ती आपली सून असते.

मंग सरकारनं घरपट्टीची यादी सगळ्यांसाठी खुली केली. कुणीही घ्या, कुणीही वापरा. सूनबाई उड्याच मारायला लागली. एकेक घर हातानं भरत बसायचं काम वाचलं. यादीतली मालकांची नावं मात्र तिनं काढून टाकली. "कोण कुठं राहतं हे जगाला कशाला सांगायचं? घराचा नंबर आणि गल्ली बस." अक्कांना ते पटलं न्हाई. त्या खाटेवरून म्हणाल्या, "माझं नाव ऱ्हाऊ दे गं. एवढ्या वर्षांत कुठं तरी लागंल." सूनबाई हसली, पण काढलंच. नंबर आणि जागा, सगळ्या गावाच्या, तिनं नकाशावर चढवल्या. तुझ्या फोनमधीही तोच नकाशा तिनंच घालून दिला होता. दवाखान्यांच्या गाड्या ज्या फोनवर चालतात त्यातही हाच नकाशा घेतलाय, असं तिला कळलं तेव्हा तिनं शिरा केला होता.

पडद्यावर पुढची गल्ली म्हणजे केसाएवढी एक रेघ आणि मागची गल्ली म्हणजे तशीच दुसरी. घराचा ठिपका कुठल्या रेघेला चिकटलाय, हे कोण पाहतंय?

तर त्या दिवशी. दुपारची वेळ, लाईट गेलेली. मी आणि अक्का हरभरा निवडून राह्यलो होतो. अक्कांचा हात सुपातच थांबला. मी वर पाहिलं. शीळ न्हाई आली, सरळ धापच. मशीन बंद. हातातला पंप दोनदा मारला, काही न्हाई. सूनबाईनं जालन्याच्या दवाखान्याला फोन लावला. त्यांची एक गाडी आमच्याच भागात उभी असते. तिकडून विचारलं, पत्ता? तिनं घराचा नंबर सांगितला. अगदी ठासून सांगितला.

आम्ही पुढचं दार सताड उघडलं. अक्कांना बैठकीत आणून टेकवलं. मी ओट्यावर, गल्लीच्या तोंडाकडं डोळे लावून. येईना. येईना. मंग सूनबाईचा फोन वाजला.

"मॅडम, दारातच आहे तुमच्या."

"कुठं? आम्ही दारात उभ्या आहोत!"

"नंबर दिसतोय की मॅडम समोर. दार उघडा."

ती माझ्याकडं पाहून राह्यली, मी तिच्याकडं. आणि मंग मागून हॉर्न आला. न्हाणीच्या पलीकडून.

मी कशी धावले मला आठवत न्हाई. पातेलं लवंडलं तेवढं आठवतं. मागचं दार उघडलं तं तिकडं गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी भिंतीत अडकलेली, आरसा दगडाला लागलेला, पुढं शेळी. पोरगेलासा ड्रायव्हर पायी आमच्या दारापाशी येऊन पाटी वाचून राह्यला होता. मागं घ्यावी तं मागं कुणाचा तरी ट्रॅक्टर. त्यांचं ते पेशंट न्यायचं चाकाचं बाकडं आमच्या न्हाणीच्या वळणात वळेना. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत अक्कांना बसवलं. एका बाजूनं ड्रायव्हर, एका बाजूनं गुरुजीबाईंचा नवरा, ते हॉर्न ऐकून धावत आल्ते. भांडी घासायच्या दगडावरून, नालीवरून, शेळीला ढकलून नेलं. अक्कांचा पदर नालीत पडला. मी तो उचलायला वाकले आणि खुर्ची पुढं निघून गेली. हाका मारून ट्रॅक्टर काढायला लावला तेव्हा कुठं गाडी निघाली.

वाचल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणायचं, पण जेमतेम.

काही दिवसांनी घरी आल्या. पहिला शब्द काय बोलल्या सांगू? दम्याचं न्हाई, दवाखान्याचं न्हाई.

"पुढच्या दारानं मला आणलं होतं या घरात. माप ओलांडून. आणि काढलं मागच्या दारानं, खरकट्या पाण्यासारखं."

"अक्का, जीव वाचला ना?"

"वाचला. पण पुन्हा असं काढलं तं मी जाणारच न्हाई. इथंच बसून राहीन."

आणि त्या तशाच आहेत. म्हणाल्या म्हणजे करतील. दुसऱ्यांदा धाप लागली आणि या बाजंला धरून बसल्या तं मी काय करू? तेव्हापासून मला बसवेना. पुढच्या दारात जायचे, मागच्या दारात जायचे, पुन्हा पुढं. मुलगा म्हणायचा, आई, घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवून राह्यलीस.

सूनबाई दोन दिवस नीट जेवली न्हाई. "आत्या, ते ठिपके मी चढवले."

"पाट्या गल्लीनं लावल्या," मी म्हणाले. "जेव आधी."

तेवढ्यात गुरुजीबाई अक्कांना पाहायला आल्या. मोसंबी घेऊन. सूनबाईनं त्यांना फोनवर नकाशा दाखवला तं त्यांचं घर बरोबर मोठ्या गल्लीत, पुढच्या दाराशी. बाकी सगळी गल्ली नालीच्या बाजूला, ओळीनं. त्यांनी चष्मा वर केला आणि पाह्यलं, मंग आमच्या चौकटीकडं पाह्यलं.

"काकू, तुमच्या चौकटीला खिळा चालत न्हाई. माणूस अडकलेलं चालतं व्हय?"

बोलल्या तशा हसल्याही, पण मला लागलं. चहा ठेवायला आत गेले.

मंग ठरलं की ठिपके पुढं आणायचे. तुला वाटेल सोपं आहे, मागचा ठिपका उचलला, सरळ रेषेत पुढं ठेवला. न्हाई ना. घरं सरळ कुठंयत? वाटण्या झाल्या, कुणी मधलं घर भावाला दिलं, कुणी न्हाणी विकली. तीन पुढच्या दारांना मिळून मागचं दार एकच, आणि एका पुढच्या दाराला मागची दारं दोन. मागून पाटी दिसते पण त्या पाटीचं पुढचं दार कोणतं, हे बाहेरून कळायचा रस्ता न्हाई.

"एकच रस्ता आहे," मी म्हणाले. "मागून आत शिरायचं आणि पुढून बाहेर निघायचं."

"लोक येऊ देतील?" सूनबाई म्हणाली.

"तुला न्हाई देणार. मला कोण अडवतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला. तिला पुढच्या गल्लीत उभं केलं फोन घेऊन, आणि मी रांगोळीची डबी घेऊन मागच्या गल्लीत. पाटीवरचा नंबर वाचायचा, तोंडानं घोकायचा, दार वाजवायचं, सैपाकघरातून मधलं घर, मधल्या घरातून बैठक, पुढच्या दारात बाहेर, आणि उंबऱ्यासमोर रांगोळीनं तो नंबर काढायचा. ती फोटो घ्यायची, तिथं उभी राहून ठिपका ठेवायची. मंग मी पुन्हा वळसा घालून मागं.

पहिलंच घर शेळीवालीचं. "काकू, टॅक्स वाढवायला आलात का?"

"तुझी शेळी नकाशावर घेत न्हाई, भिऊ नको. सरक."

"पण नकाशा कशाला पाह्यजे? आम्हाला आमचं घर माहीत आहे की."

"तुला माहीत आहे गं. तुला न्यायला येणाऱ्याला माहीत न्हाई."

तिनं पटकन तोंडावर हात ठेवला, पण सरकली. कुठं पिठलं चालू होतं, कुठं मिरच्या कुटून राह्यल्या होत्या. प्रत्येक घरी चहा. न्हाई म्हणलं तं राग. चौथ्या-पाचव्या घरापासून मी नुसता कप तोंडाला लावायचे. एका ठिकाणी बोलता बोलता नंबरच विसरले आणि परत सैपाकघरातून मागं जाऊन पाटी वाचून आले. त्या घरची सून पोळ्या लाटत होती, म्हणाली, "काकू, अशाच येत जात राहा, करमतं."

एक जण मात्र मागच्या दारात आडवी उभी राह्यली. "आमचं मागंच राहू द्या. वसुलीवाले मागं येऊन पाटी वाचतात, हाका मारतात, निघून जातात. आम्हाला पुढं ऐकू येत न्हाई, बरंय की!"

"आणि उद्या तुझ्या नवऱ्याच्या छातीत दुखलं तं? गाडी बी मागं येऊन हाका मारून जाईल."

"काय वंगाळ बोलता काकू!"

"आमच्याकडं झालंय म्हणून बोलते."

मंग तिनं दारातली कळशी पायानं बाजूला केली.

दुपारी गल्ली बघायला पाहिजे होती तू. प्रत्येक उंबऱ्यासमोर रांगोळीत नंबर. टेंपोवाला विचारून गेला, कोणता सण आहे? अक्का खिडकीतून पाहत होत्या. म्हणाल्या, "आपला नंबर जरा मोठा काढायचा होतास."

रात्री नीट झोपले मी. बस, ती एकच रात्र.

दुसऱ्या दिवशी सूनबाईनं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. ठिपके सगळे परत मागं. नालीच्या बाजूला, ओळीनं.

"कुणी नेले?"

"आमच्या नकाशावाल्यांतल्याच एकानं. लांबच्या शहरात असतो. त्यानं लिहिलंय, सरकारी यादीतल्या इतक्या जागा एका दिवसात हातानं का सरकवल्या? आधी सगळ्यांना विचारायचं ठरलेलं आहे. पुरावा काय?"

"पुरावा? अक्का पुरावा!"

"आत्या, तो वाईट नाही हो. उद्या कुणीही उठून कुणाचीही घरं हलवली तर नकाशावर कोण विश्वास ठेवणार? तो राखण करतो."

असेल. पण त्याच्या घरात शीळ वाजत नव्हती. तिनं फोटो पाठवले, सगळी हकीकत लिहिली, आणि मंग वाट पाहणं. आज उत्तर येईल, उद्या येईल. कुणी एक विचारायचा, ती उत्तर द्यायची, मंग दुसरा विचारायचा. इकडं आभाळ भरून आलं की अक्कांची छाती बोलायला लागायची. मी सूनबाईच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहायचे. आलं का? न्हाई. सुपातलं सुपात, कणीक तशीच, माझं कशात लक्ष लागेना. सैपाकात दोनदा मीठ टाकलं. मुलानं न बोलता खाल्लं, त्यावरून समज घरात काय चाललं होतं.

शेवटी मीच म्हणाले, त्याचा फोन लाव. लिहून काय कळतंय? सूनबाई नको नको म्हणून राह्यली, मंग तिनं त्याला विचारलं आणि लावला. आवाज तरुण, अदबीचा.

"आजी, नमस्कार. तुमचं म्हणणं मला समजतंय, पण यादी तयार करणाऱ्यांनी प्रत्यक्ष जागेवर उभं राहून खुणा घेतल्यात..."

"बराबर घेतल्या बाबा. पाटीसमोर उभं राहून घेतल्या. पाटी मागं आहे."

"पण सगळ्याच घरांची पाटी मागं कशी असेल?"

मंग मी त्याला सगळं सांगितलं. चौकट, हळदीची बोटं, म्हातारी, हातोडा. मधीच फोनमधी खरखर झाली. मला वाटलं फोन कटला.

"ऐकून राह्यलास का?"

"हो आजी. म्हणजे सगळ्या गल्लीनं त्या माणसाला एकच गोष्ट सांगितली?"

"एक घर सोडून. आणि तेच एक घर तुझ्या यादीत पुढं आहे. पाहून घे. न्हाई पटलं तं ये इकडं, आमच्या मागच्या दारानं आत ये, चहा पी, आणि पुढच्या दारानं बाहेर जा. मंग तूच ठरव ठिपका कुठं ठेवायचा."

तो हसला. म्हणाला, "आमच्या आजीकडंही दाराला खिळा चालायचा नाही." मंग त्यानं आणि सूनबाईनं बराच वेळ त्यांच्या भाषेत काहीबाही बोलून घेतलं. मला कळलं ते एवढं, की घराचा नंबर पुढच्या दाराला द्यायचा, आणि मागच्या दाराची खूण पुसायची न्हाई, तिथं 'मागचं दार' असं वेगळं लिहायचं. आणि गल्लीत पाट्या मागं का आहेत, ही हकीकत सोबत जोडून ठेवायची, म्हणजे पुढं कुणी पुन्हा उलटं करणार न्हाई.

संध्याकाळपर्यंत ठिपके पुढं आले. सूनबाईनं बोटांनी मोठं करून दाखवलं. मी चष्मा लावून पाह्यलं, आमचा ठिपका मोठ्या गल्लीत.

पण पडद्यावर पाहून माझं समाधान व्हायला मी काय सूनबाई आहे? मी म्हणाले, परीक्षा घ्यायची. तिला नंबर सांगून रिक्षा बोलवायला लावली. रिक्षा आली, बरोबर पुढच्या दारात. मी टाळी वाजवणार एवढ्यात रिक्षावाला म्हणाला, "नंबर कशाला सांगता काकू? तुमचं घर काय मला माहीत न्हाई? तुमच्या मुलाच्या लग्नाला जेवून गेल्तो मी."

घे! परीक्षेला ओळखीचा माणूस चालत न्हाई, आणि गावात अनोळखी आणायचा कुठून? मला तेव्हा तुझी आठवण आली. तू परत आली असतीस तं कळलं असतं. पण तू रुसून बसली होतीस न्हाईतर मी, कोण रुसलं होतं तेच आता आठवत न्हाई.

परीक्षा झाली ती शेवटी खरीच झाली. कापूस वेचायला आल्ता तेव्हाची गोष्ट, हवेत धूळ, सकाळची भांडी-धुणी आवरलेली. अक्कांची शीळ मी न्हाणीतून ऐकली. या वेळी लाईट होती, मशीन लावली, तरी ओठ बदलायला लागले. सूनबाईनं फोन केला. नंबर सांगताना तिचा आवाज बारीक झाला.

अक्कांना बाजंवरून उठवायला गेले तं त्यांनी खाटेची कड धरली. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी विचारून राह्यल्या होत्या, कुठून?

"पुढून, अक्का. पुढून येईल."

म्हणाले खरं. पण मी ओट्यावर गेले, गल्लीच्या तोंडाकडं पाह्यलं, काही न्हाई. आणि माझे पाय आपोआप मागं वळले. सैपाकघर, न्हाणी, मागचं दार उघडलं. शेळी. परत पुढं. परत मागं. मागच्या दारात होते तेव्हाच हॉर्न ऐकू आला, आणि कुठून आला ते मला कळेना. मंग सूनबाई पुढून ओरडली, "आत्या! इकडं! आत्या!"

गाडी आमच्या दारासमोर. ओट्याला लागून. ड्रायव्हर पुन्हा नवीनच, मंठ्याकडचा, गावात आधी कधी आलेला न्हाई. त्याला मी त्या घाईतही विचारलं, "कुणाला विचारलंत का?" तो म्हणाला, "कशाला मावशी? फोनवर आहे की." चाकाचं बाकडं दोन पायऱ्या चढून सरळ बैठकीत आलं. अक्कांनी खाटेची कड सोडली. बाहेर नेताना त्यांच्या तोंडाला नळी लावलेली, डोळे अर्धे मिटलेले, पण चौकटीतून निघताना त्यांचा हात वर आला आणि चौकटीला घासून गेला, हळदीची बोटं असतात तिथंच. शेजारच्या बायांनी सरकून गाडीपर्यंत वाट करून दिली.

आता त्या बऱ्या आहेत. मी लिहून राह्यले आणि त्या बाजंवर पडून, काय लिहितीस, माझं नाव लिहू नको, म्हणून राह्यल्या आहेत. तेव्हा नाव पाहिजे होतं, आता नको. असंच आहे त्यांचं.

पाटी मी मागच्या दाराची काढली. खिळा न्हाई मारला पुढं, तेवढं मला जमलं न्हाई अजून, गुरुजीबाई काही म्हणोत. दोन भोकांतून सुतळी ओवली आणि तोरणाच्या खुंटीला बांधली. आंब्याची पानं वाळली तरी ती हलत राहते वाऱ्यानं, पत्र्याचा आवाज येतो. गल्लीत आणखी दोघींनी तसंच केलं. बाकीच्या म्हणतात, नकाशात झालं ना पुढं, मंग आता पाटी कशाला हलवायची.

आणि मला अजून चैन न्हाई बघ. कारण पलीकडच्या गल्लीतही पाट्या मागंच आहेत, तिथली म्हातारी आमच्या गल्लीतल्या त्या पहिल्या घरच्या म्हातारीची बहीण. त्याच्या पलीकडंही असतील. सूनबाई म्हणते, हळूहळू करू. हळूहळू म्हणजे कधी? दुपारी कुठं हॉर्न वाजला की मी हातातलं टाकून उठते, आधी मागं जाते, मंग पुढं. पाय ऐकत न्हाईत. परवा पलीकडच्या गल्लीत दोन घरं करून आले, रांगोळी संपली.

म्हणून म्हणते, ये. दिवाळीची वाट पाहू नको, पुढच्याच आठवड्यात ये. गाडीवाला अनोळखी घे, आमच्या गावात कधी न आलेला, आणि त्याला कुणाला विचारू देऊ नको. मी ओट्यावर बसून असेन, आणि या वेळी मी फोन उचलणार न्हाई, मुद्दामच. धपाटे गरम मिळतील. येताना रांगोळीची दोन पाकिटं आण, आणि चप्पल चालायला बरी अशी घालून ये. पलीकडच्या गल्लीत तुला पुढच्या बाजूला उभी करणार आहे मी.